‘नाचणारा पाद्री’ एवढ्यावर भागत नाही

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील भरतनाट्यम्‌च्या वाटचालीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. माटुंग्यात १९४५ साली सुरू झालेले राजराजेश्वरी भरतनाट्य कलामंदिर, आचार्य पार्वतीकुमार यांनी तंजावरच्या मराठी निरूपणांना (नृत्यासाठी रचलेल्या पदमालांना) दिलेले नवे जीवन, डॉ. कनक रेळे यांचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय, सुचेता भिडे-चापेकर यांची ‘नृत्यगंगा’ हे टप्पे लेखकाने आस्थेने मांडले आहेत आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. मात्र त्याच लेखालगतच्या चौकटीत, गमतीच्या नोंदींच्या रांगेत, अंधेरीच्या ज्ञान आश्रमातील एका ‘नाचणाऱ्या पाद्र्या’चा दीड ओळीत उल्लेख आहे. त्यात नाव नाही, गुरू नाही आणि काम तर नाहीच. नाव फ्रान्सिस बार्बोझा असे आहे. उरलेल्या दोन गोष्टींसाठी थोडी जागा मागण्याकरिता हे पत्र लिहीत आहे.

मी वसईत बावीस वर्षे भरतनाट्यम् शिकवते आणि वसईच्याच कॅथलिक कुटुंबातील आहे, त्यामुळे ही चौकट मला अंमळ अधिक लागली असेल, हे मान्य करते. पण माझी तक्रार भावना दुखावल्याची नाही. ‘नाचणारा पाद्री’ म्हटले की वाचकाची नजर त्या माणसाच्या झग्यावर खिळते आणि त्याच्या हातांकडे कुणी पाहत नाही. आणि बार्बोझा यांचे खरे काम तर हातांचेच आहे. ते नृत्याच्या व्याकरणात मोडते, धर्माच्या पानावर किंवा चौकटीत नव्हे.

आधी त्यांच्या घडणीबद्दल. बार्बोझा हे त्या काळी ‘सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड’ या संघाचे धर्मगुरू होते. अंधेरीचा ज्ञान आश्रम हा याच संघाच्या फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी उभा केला होता. प्रॉक्श युरोपातून आलेले. पण हिंदीत भक्तिगीते रचणारे आणि ख्रिस्तचरित्र भारतीय नृत्यनाट्यातून मांडणारे. म्हणजे अंधेरीत नृत्य आधीपासून होते. मात्र ते कथेचे वाहन होते. कथा पोहोचली की वाहनाचे काम संपे. बार्बोझा यांनी वेगळी वाट धरली. समूहनृत्यापुरते जुजबी शिकून न थांबता ते बडोद्याला गेले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात गुरू कुबेरनाथ तंजोरकर व प्राध्यापक सी. व्ही. चंद्रशेखर यांच्याकडे रीतसर भरतनाट्यम् शिकले. पुढे भारतीय नृत्यप्रकार आणि ख्रिस्ती धर्म यांच्या संबंधावर त्यांनी संशोधन करून डॉक्टरेट मिळवली आणि त्या विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला. अडवू, म्हणजे नृत्याचे मूळ पदन्यास, घोटण्यात वर्षे घालवणे आणि मग त्याच विषयावर प्रबंध लिहिणे हे हौशी माणसाचे लक्षण नव्हे, एवढे तरी चौकट लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे होते.

आता गुरूंबद्दल, कारण मराठी वाचकाने या नावापाशी खरे तर थबकायला हवे. १८८० साली सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या मराठा राजघराण्याच्या नात्यातील लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी, नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू, आणि वादक असा एक ताफाच बडोद्यास आला. गौरा आणि कांतिमती या त्यातील दोन नर्तकी. या कलावंतांची व्यवस्था संस्थानच्या ‘कलावंत कारखान्या’कडे होती आणि बडोद्यात त्यांचे आडनावच पुढे ‘तंजोरकर’ झाले. कांतिमती आणि नट्टुवनार अप्पास्वामी यांचे पुत्र कुबेरनाथ. तंजावरची मराठी गादी, तिथून गायकवाडांचे बडोदे, तिथून विद्यापीठ आणि विद्यापीठातून अंधेरी, अशी ही सरळ रेघ आहे. पार्वतीकुमारांनी सरफोजीराजांची मराठी निरूपणे रंगमंचावर आणली ती तंजावरची एक वाट. बार्बोझा ज्या वाटेने आले तीही तंजावरचीच, फक्त बडोद्यावरून वळसा घालून आलेली. आपल्या लेखकाने पहिली वाट ठळक केली आणि दुसरीची पाटीच लावली नाही.

या रेघेत एक बोचरी गोष्ट दडलेली आहे आणि ती आम्हा ख्रिस्ती लोकांनीच आधी उच्चारली पाहिजे. १८९० च्या दशकात मद्रास इलाख्यात ‘नाच’विरोधी चळवळ उभी राहिली, तेव्हा हिंदू समाजसुधारकांच्या बरोबरीने मिशनरी मंडळीही तिच्यात आघाडीवर होती. कांतिमतींसारख्या स्त्रिया पिढ्यानपिढ्या जे नृत्य जपत होत्या ते त्या काळच्या कित्येक ख्रिस्ती व्यासपीठांवरून पापाचे दुसरे नाव म्हणून सांगितले जात होते. देवदासी प्रथेतील शोषणाला विरोध करणे रास्तच होते. परंतु त्या विरोधाच्या धबडग्यात कला आणि ती जपणारी माणसे दोन्ही एकाच मापाने मोजली गेली. मुंबई प्रांतात १९३४ साली आणि मद्रास प्रांतात १९४७ साली कायदे झाले, तोवर त्या नर्तकींपैकी बहुतेकींचे व्यासपीठ गेलेले होते. अशा घराण्यातील मुलापुढे एक कॅथलिक धर्मगुरू शिष्य म्हणून बसतो आणि ‘थट्टडवू’पासून, म्हणजे अगदी पहिल्या धड्यापासून, आरंभ करतो, ही घटना मला कोणत्याही क्षमापत्रापेक्षा मोठी वाटते. बार्बोझा यांना ती तशी वाटली की नाही, हा प्रश्न वेगळा. बडोद्याच्या त्या वर्गात ती घडली, हे महत्त्वाचे.

मुख्य कामाकडे येते. भरतनाट्यम्‌ची जी हस्तमुद्रांची पोथी आपण सारे गिरवतो त्या अभिनयदर्पणात असंयुत, म्हणजे एका हाताने करायचे, हस्त २८ आहेत. त्याखेरीज देवांचे, दशावतारांचे, नवग्रहांचे आणि नात्यांचे हस्त वेगळे दिलेले आहेत. देवहस्त १६ आहेत. दोन्ही हातांनी त्रिपताक धरला की विष्णू. डावा मृगशीर्ष आणि उजवा त्रिपताक झाला की शिव. खांद्याशी दोन कपित्थ आले की लक्ष्मी. ही चिन्हे केवळ नावाच्या पाट्या नाहीत. त्या देवतेचे आयुध, वाहन, स्वभाव यांचा अर्क त्यांत उतरलेला असतो, आणि म्हणून नर्तकीने हात तसे धरले की पुढची सारी कथा प्रेक्षकाच्या मनात आपोआप जागी होते. ख्रिस्तासाठी अशी एकही मुद्रा या पोथीत असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे बार्बोझा यांच्या आधी ख्रिस्ती कथा नाचणाऱ्याने काय करावे? एकतर दोन्ही हात आडवे पसरून क्रूसावरचा देह दाखवावा, किंवा शब्दांवर विसंबून अंगाने नुसते सूचन करावे. यातले पहिले चित्र झाले आणि दुसरे पुसटपण.

इथे सोपा वाटणारा मार्ग फसवा कसा आहे, ते शिक्षिका म्हणून सांगते. क्रूस दाखवायचा म्हटले की विद्यार्थिनी पटकन मनगटे एकमेकांवर टाकून दोन पताक धरते. पण तो झाला स्वस्तिक हस्त, आणि अभिनयदर्पणाप्रमाणे त्याचा विनियोग मगर दाखवण्यासाठी आहे! पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात उतरला असे शुभवर्तमान सांगते, म्हणून कुणी कपोत हस्त धरला तर जाणकाराला तिथे पक्षी दिसतच नाही. गुरूंशी बोलताना, विनय दाखवताना तो हस्त येतो. पिता परमेश्वर दाखवायला पित्याचा बांधवहस्त वापरावा तर तो कुणाच्याही वडिलांचा हात होतो. मरियामातेसाठी मातृहस्त घ्यावा तर हीच अडचण, आणि देवीचा हस्त घ्यावा तर धर्मशास्त्र आडवे येते, कारण कॅथलिक श्रद्धेत मरिया ही वंदनीय आहे, पण ती देवी नाही. त्रैक्य दाखवायला त्रिमूर्तीची मांडणी उसनी घेतली तर उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी सोबत येते, आणि ती ख्रिस्ती त्रैक्यात बसत नाही. थोडक्यात, भाषा जुनी, व्याकरण ठरलेले आणि सांगायचे मात्र असे काही की ज्यासाठी शब्दच नाही.

बार्बोझा यांनी हा शब्द घडवायचे काम अंगावर घेतले. पिता परमेश्वर, क्रूसावरील ख्रिस्त, पुनरुत्थित ख्रिस्त, पवित्र आत्मा, मरियामाता अशांसाठी त्यांनी देवहस्तांच्या धर्तीवर स्वतंत्र हस्त रचले. पोथीबाहेरचे एकही बोट न वाकवता, असलेल्याच हस्तांची नवी जोडणी करून आणि देहाची ठेवण शास्त्राच्या चौकटीत राखून त्यांनी हे केले. क्रूसावरचा ख्रिस्त आणि पुनरुत्थित ख्रिस्त यांना वेगळे हस्त देण्याची त्यांची निवड मला विशेष महत्त्वाची वाटते. शिवाचा नटराज वेगळा आणि दक्षिणामूर्ती वेगळा, हे ज्याच्या अंगात मुरले आहे त्यालाच एका ख्रिस्ताची दोन रूपे दोन हातांनी सांगावीशी वाटतील. चर्चमधील रंगीत काचेच्या खिडकीवरून उचललेली पोझ आणि ही मुद्रा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पोझ पाहून प्रेक्षक चित्र ओळखतो. मुद्रा एकदा कळली की तिच्यावर संचारी, म्हणजे अभिनयातून केलेला विस्तार, चढवता येतो, ती चालवता येते, वळवता येते, तिच्यातून प्रश्नही विचारता येतो.

आपल्या मराठी परंपरेत याचा जवळचा भाऊबंद शोधायचा तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ डोळ्यांपुढे येते. १६१६ साली छापलेल्या त्या ओवीबद्ध ग्रंथात स्टीफन्स यांच्यापुढेही हाच पेच होता. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले, पण काही ख्रिस्ती संज्ञा पोर्तुगीजमधून जशाच्या तशा घेतल्या. कवीला ही सोय असते. ओवीत एखादा परका शब्द खपून जातो. नर्तकाला नसते. हाताला उसना शब्द घेता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि अभंग व कीर्तन या दोन्ही गोष्टी त्यांनी त्या पुलावरूनच पलीकडे नेल्या. स्टीफन्सना ओवी सापडली, टिळकांना अभंग सापडला. बार्बोझा यांना हस्त सापडले नाहीत, ते करावे लागले.

आणि ‘भरतनाट्यमला ख्रिस्ताचे काय?’ असे विचारणाऱ्यांनी तंजावरचाच इतिहास एकदा पाहावा. दुसरे सरफोजीराजे यांचे शिक्षण रेव्हरंड श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. त्याच श्वार्ट्झ यांच्या हाताखाली वेदनायगम शास्त्रियार हा ख्रिस्ती तमिळ कवी वाढला आणि पुढे सरफोजींच्या आश्रयाला राहिला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चौघे बंधू ज्या दरबारात पुढे नृत्याच्या मार्गमला, म्हणजे कार्यक्रमाच्या ठरलेल्या क्रमाला, आजचा आकार देणार होते, त्याच गावात या कवीने १८०० च्या सुमारास ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा नृत्यनाट्याचा प्रकार: नायिका नायकाला पाहते, विरहात झुरते आणि मग डोंगरातली कुरत्ती येऊन तिचा हात पाहून भविष्य सांगते. शास्त्रियारांनी नायकाच्या जागी ख्रिस्ताला आणले आणि बाकी सारा साज कुरवंजीचाच ठेवला. खुद्द सरफोजींच्या नावावर मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे, जिच्यात कुरत्ती भविष्याऐवजी पृथ्वीचा भूगोल सांगते! मराठी राजाच्या छत्राखाली ख्रिस्त आणि कुरवंजी एकत्र आल्याला दोनशे वर्षे झाली, तरी अंधेरीतल्या प्रयत्नाकडे आपण अजून नवलाईची वस्तू म्हणून पाहावे, हे काही बरे नव्हे.

तरी बार्बोझा यांच्या कामावर माझ्या मनात दोन शंका आहेत आणि त्या न मांडता नुसती भलामण करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ख्रिस्तजन्म, क्रूसारोहण, पुनरुत्थान अशा मोठ्या घटनांकडे या प्रकारच्या नृत्यरचना साहजिकच ओढल्या जातात, आणि घटना जितकी परिचित तितके अभिनयाला काम कमी उरते. भरतनाट्यम्‌चा प्राण वर्णम्‌मध्ये आहे: एकच ओळ, आणि तिच्यावर अर्धा तास मनाचे पदर उलगडत राहायचे. शुभवर्तमानात त्याला जागा नाही असे नव्हे. दिवे हातात घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांचा दृष्टांत घ्या. ती वासकसज्जा, म्हणजे सजून प्रियकराची वाट पाहणारी, नायिकाच आहे. तेल संपलेल्या पाचजणी दार बंद झालेले पाहतात तेव्हा कोणती नायिका उभी राहते, हे वर्गात मुलींना विचारून पाहिले आणि तासभर वाद झाला. ख्रिस्ती आशय जिथे नायिकाभेदाला, म्हणजे नायिकांच्या शास्त्रोक्त प्रकारांना, भिडतो तिथे अजून पुष्कळ काम करण्यासारखे आहे, असे माझे मत आहे. दुसरी शंका हस्तांच्या प्रसाराची. नवा शब्द रूढ व्हायचा तर तो कुणी तरी बोलायला हवा. त्या हस्तांना ग्रंथात जागा मिळाली. पण माझ्या पाहण्यातल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या अभ्यासक्रमात मला ते आढळलेले नाहीत. दशावतार हस्त पाठ करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना ते मी स्वतः शिकवते, तेही परीक्षेच्या बाहेर.

विरोधाबद्दल फार लिहीत नाही. तो दोन्ही बाजूंनी होतो आणि दोन्हीकडचे शब्द चमत्कारिक रीतीने सारखे असतात. एकीकडून ऐकू येते की देवळातली कला चर्चने पळवली. दुसरीकडून, की चर्चमध्ये देऊळ घुसले. २०१८ साली तमिळनाडूत काही कर्नाटक संगीत गायकांना ख्रिस्ती गीते गायल्याबद्दल केवढ्या रोषाला तोंड द्यावे लागले, ते अनेकांच्या स्मरणात असेल. चर्चच्या बाजूने पाहिले तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक दस्तऐवजात स्थानिक संस्कृतींना दार उघडून दिले. नंतर १९७५ साली व्हॅटिकनच्या उपासनाविषयक नियतकालिकात आलेल्या टिपणाने पाश्चात्त्य देशांत उपासनेमध्ये नृत्य नको असे बजावले. पण जिथे नृत्याचा धार्मिक आशय आजही जिवंत आहे तिथली गोष्ट निराळी, असेही त्यात होते. भारत या दुसऱ्या वर्गात येतो हे कुणी सांगायला नको. तरीही आमच्याकडे एका सणाला मुलींनी मिस्साआधी पुष्पांजली सादर केली, तेव्हा ‘घुंगरू काढून नाचल्या तर चालेल का?’ असे मला विचारले गेले होते. त्याच महिन्यात एका हिंदू पालकांनी, ‘बाई, तुम्ही शिकवता ते कृष्णाचे पदम् मनापासून की नुसते शिकवायचे म्हणून?’ असे विचारले. दोघांनाही मी एकच उत्तर दिले: वर्गात येऊन बसा. दुसरे आले, पहिले आले नाहीत.

बार्बोझा यांच्यानंतर ही वाट बंद पडली असेही नाही. येशूसंघाचे फादर साजू जॉर्ज हे भरतनाट्यम् नर्तक असून त्यांनी कोलकात्याजवळ ‘कलाहृदय’ ही संस्था उभारली आणि तिथे गावातल्या मुलांना ते नृत्य शिकवतात. त्यांच्यावर लिहिणारेही बहुधा ‘नाचणारा जेझुइट’ इथपासूनच सुरुवात करतात, म्हणजे ही सवय एकट्या मराठी वृत्तपत्रांची नाही. कथक शिकलेल्या एखाद्या वकिलाला आपण ‘नाचणारा वकील’ म्हणून संपवत नाही. त्याचे गुरू कोण, घराणे कोणते, तत्कार कसा, हे विचारतो. तेवढाच शिरस्ता इथेही पाळावा.

माझी आपल्याला विनंती साधी आहे. त्या चौकटीतील ओळ दुरुस्त करून बार्बोझा यांचे नाव आणि त्यांच्या गुरूंची नावे छापावीत. त्याहून बरे, म्हणजे नृत्याची जाण असलेल्या कुणाकडून त्यांच्या हस्तांवर छायाचित्रांसह एक स्वतंत्र लेख लिहवून घ्यावा, कारण हात शब्दांत सांगता येत नाहीत, हे हे पत्र लिहिताना मला चांगलेच जाणवले आहे. प्राध्यापक चंद्रशेखर २०२४ साली गेले; कुबेरनाथ तर त्याआधीच गेले. तंजोरकरांच्या बडोद्यातील वर्गाची आठवण सांगणारी माणसे आता मोजकी उरली आहेत आणि त्यांतील काही मुंबई, पुणे आणि बडोदे इथेच आहेत. आपल्या वार्ताहराने त्यांना गाठले तर अंधेरीहून आलेला तो विद्यार्थी पहिल्या दिवशी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या ठेवणीत, कसा बसला होता, हे सांगणारे कुणी भेटूही शकेल.

आपली नम्र,
एक नृत्यशिक्षिका
वसई, जि. पालघर